पिवळ्या लोंब्या

जळत्या पेंढ्यावर तूप पडल्याचा वास आला की मला उत्तरेतल्या दूधविनायक मोहल्ल्यातलं, आमच्या मराठी घराचं अंगण आठवतं. मार्गशीर्ष होता. बाबा ज्यांच्याकडे पूजा सांगत, असे एक शेतकरी काका अन्नपूर्णेला वाहायच्या नव्या भाताच्या लोंब्या घेऊन आले होते. काहींवर हळदीसारखे पिवळे, मखमली गोळे होते. "पंडिताइन जी, इस साल लक्ष्मी आई हैं," त्या गोळ्यांकडे बोट दाखवत ते आईला कौतुकाने म्हणाले; असे गोळे धरले की पीक भरघोस, अशी त्यांची समजूत. देवीपुढून परत मिळालेल्या लोंब्या ते प्रसाद म्हणून बियाण्यात मिसळत. मी तेव्हा शेतकी शिकत होतो; ती बुरशी ओळखून म्हणालो, "काका, ये फफूंद है. बीज में मत मिलाइए, जला दीजिए." त्यांचा चेहरा उतरला. "लक्ष्मी को जला दें, भैया?" आईने होमाचं कुंड आणून तूप सोडून पेटवलं, पिवळ्या लोंब्यांना हळदकुंकू वाहिलं. "हमारे यहाँ महालक्ष्मी आती हैं, तो पूजकर बिदा भी की जाती हैं," ती म्हणाली. काकांनी हात जोडले आणि एकेक लोंबी स्वतः आगीत सोडली. आज मी गावोगाव हा रोग ओळखायला शिकवतो, बुरशीनाशकं सांगतो, रोगट लोंब्या जाळून दाखवतो. फक्त काडी ओढण्याआधी चपला काढून ठेवतो.