काठीवरचं दुसरं सोवळं

"अम्मा, जोरात खोका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी खोकले, आणि तपासणीच्या टेबलावरचा कागद माझ्याखाली भिजला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, "स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स." म्हणजे काय, तर खोकलं, शिंकलं, कळशी उचलली की लघवी सुटते. मूत्राशयाला खालून धरणारे स्नायू सैल पडलेले असतात.

"किती वर्षं होतंय?"

"चार."

"आणि आज येताय!"

काय सांगू त्यांना? चेन्नईजवळ आवडीला आमचं घर, तिथे गौरी बसतात. पुरणाचा नैवेद्य सोवळ्यात, आणि तो मीच करायचा. गेल्या वर्षी फोडणीचा ठसका लागला आणि नेसलेलं सोवळं ओलं झालं. मी कुणाला बोलले नाही. तोच नैवेद्य दाखवला. वर्षभर काळजात सलत होतं ते. म्हणून मीच उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही! चेन्नईच्या उन्हात दिवसाला दोन पेले. लघवीला आग व्हायला लागली, ताप भरला, तेव्हा सून कविता मला ओढून दवाखान्यात घेऊन आली.

"पाणी तोडून लघवी थांबत नाही, अम्मा. इन्फेक्शन होतं," डॉक्टरीणबाई रागावल्याच. आधी तापाचं औषध झालं, मग फिजिओथेरपीला पाठवलं.

तिथली मुलगी माझ्या नातीएवढी, मला पाटी म्हणजे आजी म्हणायची. पेल्व्हिक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात, ते तिने चित्र काढून दाखवले. "पाटी, चारचौघांत वारा सरायला आला तर कसा अडवाल? तसंच आत, वर ओढा. पाच मोजा. सोडा."

मी पोट आत घेऊन, श्वास कोंडून बसले.

"पाटी, हा प्राणायाम नाही! मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास चालू राहील."

पडद्यापलीकडे गुडघे शेकत बसलेले आजोबा ऐकत होते. मोजलं मेलं तसंच.

दहादा, दिवसातून तीन वेळा. लघवी करताना मात्र करायचं नाही. महिना गेला, फरक शून्य. "तीन महिने तरी लागतात," ती म्हणे. गौरी तर दोन महिन्यांवर. भाजी चिरता चिरता मला रडू यायचं.

शेवटी कविताला म्हटलं, "यंदा नैवेद्य बाहेरून आणू." का, ते विचारल्यावर सगळं सांगितलं, गेल्या वर्षीचंसुद्धा. ती तमिळ, सासूला अत्तै म्हणते. म्हणाली, "अत्तै, गौरी म्हणजे माहेराला आलेली मुलगी, तुम्हीच बोलले ना? आईची साडी ओली की कोरडी, मुलगी बघेल का?"

बायांनो, मी अजून पूर्ण बरी नाही. थेंब थांबत आलेत, थांबले नाहीत. पण पाणी तोडू नका आणि माझ्यासारखी चार वर्षं घालवू नका. डॉक्टरीणबाईंचे, त्या फिजिओथेरपीच्या मुलीचे आणि कविताचे उपकार मी विसरणार नाही.

गौरी जेवायच्या दिवशी तांब्याभर पाणी पिऊन मी पुरण घाटायला घेतलं. शेजारी आमटीच्या फोडणीत मिरची पडली, ठसका आला. शिकवल्याप्रमाणे खोकण्याआधी आवळून धरलं. तरी थोडं झालंच.

मी तशीच उभी राहिले. न्हाऊन तयार असलेल्या कविताने माझ्या हातातून पळी घेतली आणि वर काठीकडे बघितलं. आदल्या दिवशी काठीवर मी एकच सोवळं वाळत घातलं होतं. ते आता माझ्या अंगावर होतं. त्याच्या रिकाम्या जागेशेजारी दुसरं वाळत होतं.