ताईच्या नावाची ओळ

ऑफिसमधल्या मेल सर्व्हरला मी ‘शीळफाटा’ असं नाव ठेवलेलं. ठाण्यातल्या त्या पंप बनवणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटरमधलं कळणारी मी एकटीच, त्यामुळे असलं नाव का म्हणून विचारणारं कोणी नव्हतं. जुनं मशीन, त्यावर लिनक्स, आणि दिवसातून तीनदा मोडेमने फोन लावायचा. कल्याण-डोंबिवलीकडच्या गाड्या जशा शीळफाट्याच्या नाक्यावरून वळतात, तशी सगळ्यांची पत्रं तिथूनच जायची-यायची, म्हणून शीळफाटा. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलेलं.

त्यात एक भानगड होती. मशीनच्या आत प्रत्येकाचा पत्ता शीळफाट्याचा. पत्र बाहेर पडताना तो बदलून तिथे कंपनीचा खरा पत्ता लागायला हवा. त्यासाठी एक फाइल होती. डावीकडे आतलं नाव, उजवीकडे बाहेरचं, माणशी एक ओळ. साहेबांची ओळ होती, खरेदीवाल्यांची होती, माझी होती.

त्या वर्षी ताईला अमेरिकेतलं स्थळ सांगून आलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, आई-वडील इथेच बाळकुमला. फोटो पसंत पडला, पत्रिका जुळली, आणि मुलगा म्हणाला, आधी महिनाभर ईमेलवर बोलू, मग डिसेंबरचं तिकीट काढतो. ताई डोंबिवलीत शाळेत शिकवायची. तिला एकोणतिसावं लागलेलं, आणि आमच्या घरात हा आकडा हळू आवाजात उच्चारायची पद्धत पडलेली. माझ्या ऑफिसातून लिहू दे की, मी छाती फुगवून सांगितलं.

शनिवारी दुपारी साहेब गेल्यावर तिला नेलं. तिच्या नावाचं खातं उघडलं, तिथून मला एक पत्र पाठवून बघितलं. आलं. त्याला उत्तर दिलं. तेही पोचलं. झालं की, आणखी काय हवं! ताईने दीड तास बसून चांगलं पानभर लिहिलं.

मग उत्तरच येईना. मी तीनदाच्या जागी पाचदा फोन लावायला लागले. घरी चप्पल काढायच्या आत आई विचारायची, आलं का. बाबा तोच पेपर पुन्हा पुन्हा चाळायचे. माझं जेवणात लक्ष नाही, कामात लक्ष नाही. मनातल्या मनात त्या मुलाला शिव्या घालणं चालू. शिष्ट मेला, दोन ओळी लिहायला काय हात झिजतात याचे? ताई मात्र शांतपणे वह्या तपासत बसलेली. तिच्या त्या थंडपणाचासुद्धा मला राग यायचा.

बाराव्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला. त्यांच्या मुलाने तीनदा उत्तर लिहिलेलं, तिन्ही वेळा ते परत आलेलं, शीळफाटा असा पत्ताच नाही म्हणून. नको होतं तर सरळ सांगायचं, त्या म्हणाल्या, आमच्या मुलाला शीळफाट्यावर काय उभं करता? आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या ती फाइल उघडली. ताईची ओळ नव्हती, म्हणजे तिचं पत्र शीळफाट्याच्याच पत्त्याने बाहेर गेलेलं, आणि बाहेर तो पत्ता कुठेच नाही. खातं उघडायच्या घाईत मी ओळ घालायचीच विसरलेले. आणि तपासलं तेही आपल्याच टेबलावरून आपल्याच टेबलावर पाठवून! आतल्या आत शीळफाटा चालणारच. बाकीच्यांच्या ओळी ठीक, म्हणून कोणाची तक्रारही नाही. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्या असं वाटलं. ओळ घातली, सर्व्हरला ती नव्याने वाचायला लावली, कल्याणच्या एका मैत्रिणीच्या ऑफिसात पत्र पाठवलं आणि तिला त्यावर उत्तर द्यायला सांगितलं. ते आलं. मग मुलाच्या आईला फोन करून चूक माझी, माझीच, असं दहादा सांगितलं. त्या नरमल्या. मुलगा अजून थांबायला तयार होता.

शनिवारी ताईला परत त्याच खुर्चीत बसवलं. तिथवर मी सारखी माफी मागत होते, माझ्या एका ओळीपायी तुझं आयुष्य, वगैरे. तिने की-बोर्डवर हात ठेवले आणि तशीच थांबली.

“तुला एक सांगू?” ती म्हणाली. “ते बारा दिवस उत्तर येत नव्हतं ना, मी इतकी छान झोपले गं. आणि त्याने तीनदा लिहिलंय कळलं, तेव्हा छातीत धस्स झालं.”

मुलगा चांगला आहे गं, मी कसंबसं म्हटलं. चांगलाच आहे, ती म्हणाली, म्हणून तर त्याला नीट कळवायला हवं. तिने चारच ओळी लिहिल्या. माफी, आभार आणि नकार. मी पाठवायला गेले तर तिने माझा हात धरला.

“आधी बाहेर पाठवून बघ. वर माझा खरा पत्ता हवा. त्याला काही बोलायचं असेल, तर ते माझ्यापर्यंत यायला पाहिजे.”

मी कल्याणला पत्र टाकलं. मैत्रिणीचं उत्तर यायला वीस मिनिटं लागली. तोवर आम्ही दोघी त्या मशीनकडे बघत बसलो, आणि मग ताईने तिचं पत्र स्वतः पाठवलं.

घरी आईने दार उघडता उघडता विचारलं, गेलं का. ताई म्हणाली, गेलं, आणि चप्पल काढायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं.