तिच्या नावावरची माझी दुरुस्ती

दुसऱ्याच्या खुर्चीत बसून त्याचं काम करून द्यायची मला जुनी खोड आहे. घरी बायको मला गॅसजवळ फिरकू देत नाही. तिच्या हातातला झारा घेऊन मी भजी तळायला लागतो, आणि करपली की ती भजी तिची असतात.

ऑफिसात मात्र या खोडीला अनुभव म्हणत. तेलीबांध्याच्या, म्हणजे इकडच्या हिंदी मुलखातल्या, आमच्या छोट्या कंपनीत वयानं मी सगळ्यांत मोठा. कोणी अडलं की "सरको जरा" म्हणायचं, खुर्ची घ्यायची, प्रोग्राममधल्या दोन ओळी बदलायच्या आणि रुबाबात उठायचं. आमच्या धंद्यात असा प्रत्येक बदल, म्हणजे कमिट, कायमचा लिहून ठेवला जातो. कोणी केला, केव्हा केला, आणि सोबत एका ओळीची टीप. यातलं 'कोणी' म्हणजे कोणाच्या कॉम्प्युटरवरून, एवढंच. खुर्चीत कोण बसलं होतं ते त्याला कळत नाही.

आमचा प्रोग्राम सिलतऱ्याच्या एका कारखान्यात धर्मकाट्यावर चालायचा. ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, फरक पावतीवर छापायचा. एका सकाळी कारखान्याचा फोन आला की पावत्यांवरचं वजन कित्येक दिवस चुकीचं येतं आहे. रिकामा ट्रक तोलायचा राहिला, की आमचा प्रोग्राम गुपचूप त्याचं मागच्या खेपेचं रिकामं वजन धरत होता.

मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. माझ्याहून बराच लहान आहे, मला भैया म्हणतो.

"भैया, शाम तक पता करो ये किसने किया. उनको नाम देना है. जो निकलेगा उसको हटाना पड़ेगा."

हजारो कमिटांमधून एक शोधायचा तर फिल्टर लावावे लागतात. मी आधी फक्त वजनाच्या फाइलचे कमिट काढले. मग मागच्या दोन महिन्यांचेच ठेवले. मग ज्यांत मागच्या खेपेच्या वजनाला हात लावला होता तेवढे. पडद्यावर एकच ओळ उरली. नाव आमच्या टीममधल्या एका बाईचं. गुढियारीत राहायची, वडील रेल्वेत होते, आमच्यासारखेच विदर्भातून आलेले. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून डबा सोबत खायचो. कमिटची वेळ दुपारी एक चाळीस. टीप: 'फिलहाल इतना ठीक है'.

ती टीप माझी होती. एक चाळीसला ती रोज मुलीला शाळेतून आणायला जायची. त्या दिवशी ती गेलेली असताना कारखान्यातून घाई सुरू झाली, आणि मी तिच्या खुर्चीत बसून दोन ओळी टाकल्या. परत आल्यावर तिला सांगितलंही होतं, "तुमचं काम करून ठेवलं."

आता सगळं स्पष्ट होतं. तरी मी आणखी एक फिल्टर लावला, माझ्या नावाचा. वजनाच्या फाइलवर माझं काहीच निघालं नाही. इतकं स्वच्छ चारित्र्य माझं लग्न ठरतानाही नव्हतं. मी ती एका ओळीची यादी मॅनेजरला पाठवून दिली. वर एक अक्षर लिहिलं नाही, म्हणजे खोटंही लिहिलं नाही, असं स्वतःला समजावत चहा प्यायला खाली गेलो.

दुसऱ्या दिवशी ती आली.

"सर, ते तर तुम्ही केलं होतं न? मी पोट्टीले आणाले गेली होती."

"यादीत नाव तुमचं आलं."

"येईनच न. मशीन माही हाय." ती हळू बोलत होती. "तुम्ही सांगा न त्यायले. तुमाले कोणी काही म्हणणार नाही. मले काढून राहिले."

"पाहतो," मी म्हणालो.

शुक्रवारी तिनं टेबल रिकामं केलं. डबा त्या दिवशी तिनं आणलाच नव्हता.

रविवारी घरी जेवताना मी हा किस्सा सांगितला. माझ्या किश्श्यांत मी नेहमी बरा दिसतो. या वेळी मशीनच दोषी निघालं होतं. बायकोनं पोळी वाढता वाढता विचारलं, "पण तिच्या मशीनवर तर तुम्हीच बसून राहता न? मंग सांगितलं काहून नाही?" मुलगी ताटातून वर न पाहता म्हणाली, "पापा, बोल तो सकते थे."

सोमवारी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. "वो कमिट मेरा था. उसकी मशीन पर मैं बैठा था."

तो हसला. "मुझे पता था आप आओगे. अपने लोगों को बचाना कोई आपसे सीखे."

"बचा नहीं रहा. सच बोल रहा हूँ."

"भैया, हिस्ट्री में उसका नाम है. निकालकर आपने ही भेजा है." त्यानं दोन चहा सांगितले.

खाली गेटच्या रजिस्टरमध्ये त्या दुपारी तिच्या बाहेर जाण्याची वेळ तिच्याच अक्षरात लिहिलेली होती. दोन मजले उतरून ते आणून त्याच्यासमोर ठेवायचं, एवढंच काम होतं. चहा आला. आलं घालून चांगला केला होता. मी तो पूर्ण प्यालो आणि आपल्या जागेवर येऊन बसलो.

तेव्हापासून माझं नाव आणखी चांगलं झालं आहे. कोणी नवीन आलं की मॅनेजर त्याला माझी ओळख करून देतो, की भैया एकदा दुसऱ्याची चूक स्वतःवर घ्यायला आले होते. मी खाली पाहतो. त्यांना तो विनय वाटतो.