समाधानी लाभार्थी

हयवदनराव कुणाकडे लाच मागत नाहीत, अशी बसवनगुडीत त्यांची ख्याती. भित्र्या माणसाला प्रामाणिक राहणं सोपं जातं, एवढंच. सरकारी पेन्शन कचेरीत त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि दोन्हींत साहेबांना ‘नाही’ म्हणणं काही त्यांना जमलं नाही.

निवृत्तीला सहा महिने उरले होते. तेवढ्यात साहेबांच्या डोक्यात उत्तम लोकसेवेच्या सरकारी पुरस्काराचं खूळ शिरलं. इतर बहुतेक कचेऱ्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दोनशे पानांचा अहवाल, रंगीत फोटो, वर तपासणी. हे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं कोण करणार? या साहेबांनी केलं. लोकांच्या बाकांसाठी आलेला पैसा अहवाल लिहून देणाऱ्या कंपनीच्या घशात गेला आणि म्हातारीकोतारी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली.

तपासणीत दाखवायला समाधानी लाभार्थी हवे होते. हयवदनरावांनी आपल्याच गल्लीतल्या कृष्णाबाईंना आणलं. त्या लोकांकडे सोवळ्यातला स्वयंपाक करून पोट भरत. हात थरथरायला लागले तशी कामं सुटली. त्यांचा विधवा पेन्शनचा अर्ज आठ महिने हयवदनरावांच्याच टेबलावर पडून होता.

“अक्का, पेन्शन वेळेवर मिळते म्हणून सांगा, आणि इथं अंगठा द्या.”

“मिळायच्या आधीच सांगू, अण्णा?”

“स्वल्प आधी. पुढच्या महिन्यात तुमचं काम होतंयच.”

कृष्णाबाई इतकं गोड बोलल्या की तपासणीवाले भारावले. कचेरीला पहिलं बक्षीस मिळालं. तिसरं कुणालाच देता आलं नाही, कारण अख्ख्या शहरातून अर्जच दोन आले होते.

मग हयवदनरावांनी कृष्णाबाईंचा अर्ज साहेबांपुढे ठेवला. साहेब उखडले. अहवालात ज्या बाईला पेन्शन मिळते, तिला आज मंजूर केली तर अहवाल खोटा ठरेल, चौकशी लागेल. आणि चौकशी लागली की पहिली अडकणार ती हयवदनरावांची स्वतःची पेन्शन. त्यांनी त्याच दिवशी सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला: लाभ आधीच मिळत आहे, अर्ज निकाली.

तो कागद घेऊन कृष्णाबाई कचेरीत आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. हयवदनरावांनी वाचून दाखवलं.

“पण मला तर काहीच मिळालं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला ठाऊक आहे, अण्णा.”

रांगेतले लोक बघायला लागले. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. हयवदनरावांना लाज वाटली, पण भीती जास्त वाटली.

“मला काय ठाऊक?” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “अंगठा तुमचाच आहे, अक्का.”

कृष्णाबाईंनी कागदाची घडी घातली.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या, आणि रांगेतून बाजूला झाल्या.

हयवदनरावांनी पुढच्या माणसाला बोलावलं. निवृत्तीनंतर त्यांची स्वतःची पेन्शन ठरल्या तारखेला सुरू झाली.