सोयर फिटेपर्यंतची रजा

कृष्णाबाई अर्ज कधी नुसता देत नसत. तो वाचून दाखवत. कचेरीच्या खिडकीपाशी उभ्या राहून, वर्गात धडा वाचावा तशा स्वच्छ आवाजात, 'महाशय'पासून 'आपली विश्वासू'पर्यंत. मग दुसरा कागद पुढे सरकवून म्हणत, "ही नक्कल. हिच्यावर पोच द्या. तारखेसकट." मी पोच देत असे. तालुक्याच्या त्या कचेरीत मी तेव्हा आवक-जावक कारकून होतो. खात्याचे नाव लिहीत नाही; ते आजही चालू आहे आणि माझ्या तीन पत्रांचे उत्तर त्याच्याकडून यायचे आहे.

मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही हकिकत. पाट्या बदलल्या होत्या, शिक्के बदलले होते. पण जुने शिपाई रजेला अजून रुखसत म्हणत आणि अधिकारी तिला मेहेरबानी समजत. कृष्णाबाई अणदूरला मुलींच्या शाळेत शिकवत. उंच, सावळ्या, पदर घट्ट खोचलेला, तर्जनीवर कायमचा शाईचा डाग. यजमान सोलापूरला गिरणीत, रविवारपुरते येत. सहावा महिना लागला तेव्हा त्यांनी बाळंतपणाच्या रजेचा अर्ज आणला आणि शिरस्त्याप्रमाणे वाचून दाखवला. तो शब्द खिडकीतून आत आला मात्र, साऱ्या कारकुनांना आपापल्या फायलींत एकाएकी गोडी वाटू लागली.

आमचे हेडक्लार्क नानासाहेब पुजाऱ्यांच्या घरातले, कडक सोवळ्याचे. पाणीसुद्धा घरून आणलेल्या तांब्यातलेच पीत. ते मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमची नेमणूक तात्पुरती. तात्पुरत्या शिक्षिकेला ही रजा नाही. तुम्ही पोटदुखी लिहा. महिनाभर मी काढून देतो."

"मी आजारी न्हाई, नानासाहेब."

"अहो, लिहायला काय जातं तुमचं?"

"माझं काही जात न्हाई. पण माझ्या मागनं जी येईल, तिलाही मग पोटदुखीच लिहावी लागंल. माझी नणंद सोलापूरच्या गिरणीत आहे. तिला रजा मिळाली, ह्याच नावानं मिळाली. तिथनं मोटारीत बसून अणदूरला उतरलं की बाई बाळंत व्हायची थांबते का?"

नकाराचे पत्र माझ्याच हस्ताक्षरात गेले. 'सदर रजा नियमात बसत नाही. गैरहजर राहिल्यास नेमणूक संपुष्टात आली असे समजावे.' मूल किंवा शाळा, अशी निवड मी त्या दोन वाक्यांत एका बाईपुढे ठेवली होती. अक्षर वळणदार आले म्हणून नानासाहेबांनी मला शाबासकी दिली. त्या शाबासकीची लाज मला आजही वाटते.

त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर त्या स्मरणपत्र घेऊन येत. सातवा गेला, आठवा गेला. खिडकीपाशी उभे राहणे जड होऊ लागले, तरी वाचन चुकले नाही. मी एकदा आत येऊन बसायला सांगितले. म्हणाल्या, "बसले तर तुमच्या नानासाहेबांना वाटंल, भेटायला आले."

त्याच सुमारास माझी पत्नी पहिलटकरीण, माहेरी तामलवाडीला होती. मंगळवारी मुलगी झाल्याचे कार्ड मला गुरुवारी मिळाले. मी ते जावक रजिस्टरात ठेवले आणि काम करत राहिलो. आम्हाला सोयर आले होते, मी दहा दिवस घरच्या देवाला शिवणार नव्हतो. पण कचेरीत हे सांगण्याची हिंमत झाली नाही. नोकरी नवी होती. बापाने रजा मागायची असते, हेही माहीत नव्हते. शुक्रवारी कृष्णाबाई वाचता वाचता थांबल्या.

"माधवराव, लक्ष कुठं आहे आज?"

मी कार्ड दाखवले.

"बघितली लेक?"

"रजा नाही."

"मागितली व्हती?"

मी कार्ड पुन्हा रजिस्टरात ठेवले. त्यांनी माझ्यासमोरचा कोरा कागद ओढला, उभ्याउभ्या चार ओळी लिहिल्या आणि नेहमीच्या आवाजात वाचल्या: "'मंगळवारी कन्यारत्न झाल्यामुळे मला सोयर आहे. या दिवसांत मी देवाला शिवत नाही. तरी सरकारी कागदांना व वरिष्ठांना शिवण्यापासून मला सोयर फिटेपर्यंत मोकळीक मिळावी.'"

नानासाहेबांच्या हातात मी दिलेला कागदांचा गठ्ठा होता. तो त्यांनी टाकला. मग त्यांची नजर तांब्याकडे गेली. सकाळी तो उन्हात होता म्हणून मीच उचलून सावलीत ठेवला होता.

"अरे माधव! मंगळवारपासून शिवाशिव चाललीय आणि बोलत नाहीस? ऊठ! ऊठ आधी! सोयर फिटेपर्यंत या उंबऱ्याच्या आत यायचं नाही!"

"आधी सही," कृष्णाबाई म्हणाल्या. "शाईला विटाळ न्हाई."

नानासाहेबांनी हात जितका लांब होईल तितका लांब करून सही केली आणि स्नानाला घरी गेले. बाहेर पायरीवर बाई पोट धरून हसत होत्या. मला आभार मानायचे होते. त्यांचे हसू हळूहळू ओसरले.

"तुमाला विटाळानं रजा मिळाली, माधवराव. मला हक्कानं मिळंना. जावा. लेकीच्या मुठी उघडून बघा, लई घट्ट असतात."

तामलवाडीत मला सहा दिवस मिळाले. सासूबाई पुटपुटल्या, पण मीही सोयरातलाच, म्हणून बाळंतिणीच्या खोलीत जायला कुणी अडवले नाही. शेगडीतला ओव्याचा धूर, पत्नीचा थकलेला चेहरा, आणि माझ्या करंगळीभोवती मिटलेली ती मूठ. पुढे तीन मुले झाली. त्यांतल्या एकाचेही पहिले दिवस मी पाहिले नाहीत. तोवर नानासाहेब बदलून गेले होते आणि नव्या साहेबांना सोयर मान्य नव्हते.

कृष्णाबाईंनी पोटदुखी लिहिली नाही. शाळेच्या हजेरीपटावर स्वतःच्या हाताने 'बाळंतपणाची रजा' असे लिहून त्या घरी गेल्या. नेमणूक संपल्याचे पत्र मीच लिहिले. दीड महिन्याने त्या खिडकीपाशी आल्या, खांद्यावर मुलगा निजलेला. वरिष्ठांकडे करायचा अर्ज त्यांनी वाचला. पहिल्यांदाच हलक्या आवाजात, तो उठू नये म्हणून.

"ही नक्कल. पोच द्या."

मी पोच दिली. "आता कुठं?" असे विचारले.

"सोलापूरला, ह्यांच्याकडं. पण शाळा सोडली न्हाई मी, माधवराव. सोडायला लावली."

वर्षाहून अधिक काळ गेला आणि वरून हुकूम आला. तात्पुरत्या शिक्षिकांनाही बाळंतपणाची रजा द्यावी. अर्जदार बाईंना पुन्हा कामावर घ्यावे. मी तो तीनदा वाचला, मोठ्याने. रजिस्टर पोस्टाने सोलापूरला धाडला. पाकीट 'पत्त्यावर नाहीत' असा शेरा घेऊन परतले. दोन रविवार मी त्या गिरणीमागच्या चाळींतून हिंडलो. कुणी म्हणाले मुंबईला गेले, कुणी म्हणाले गावाकडे. अणदूरच्या त्यांच्या वर्गात तोवर दुसऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी पुढे ती रजा रीतसर घेतली. अर्जात शब्दही तोच लिहिला. कुणामुळे मिळाली, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी सांगितले.

गेल्या महिन्यात माझ्या नातवाने मुलीच्या जन्मासाठी रजा मागितली. साहेबाने विचारले, "बाळंत तुम्ही झालात का?" मी धाराशिवला जाऊन नातवाच्या कचेरीच्या खिडकीपाशी उभा राहिलो आणि अर्ज 'महाशय'पासून वाचला. लोक हसले. मी नक्कल पुढे केली आणि पोच घेतली, तारखेसकट.

कृष्णाबाईंचा हुकूम माझ्या पेटीत आहे. त्याच्या तळाशी, 'मिळाल्याची सही' या शब्दांपुढची जागा अजून कोरी आहे. अणदूरवरून मोटार जाते तेव्हा मी खिडकीशी बसतो, आणि रस्त्याने जाणारी प्रत्येक उंच, सावळी म्हातारी नजरेआड होईपर्यंत पाहत राहतो.