आधी ओळख, मग भरीत

तापीच्या दोन्ही काठांना असं एकही घर उरलं नसेल, ज्याच्या भिंती आमच्या थोरल्या साडूंनी पाहिलेल्या नाहीत. भिंतीच म्हणतोय मी. घरातली माणसं त्यांना आठवतील याची खात्री नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन धरणगावला वडिलोपार्जित घरी स्थायिक झाल्यापासून या गृहस्थाने जुने फोटो गोळा करण्याचा जो सपाटा लावलाय, त्याने सासुरवाडीचा सगळा गोतावळा हैराण आहे. "राजांचा इतिहास लिहून झाला, आपल्या लोकांचा राहिलाय," हे त्यांचं पेटंट वाक्य. कुणाच्याही घरी यजमान "या, बसा" म्हणेपर्यंत साडूभाऊ खुर्चीवर चढलेले असतात. खिळ्यावरची फ्रेम उतरवायची, धूळ पुसायची, मोबाइलवर फोटोचा फोटो काढायचा आणि माणसाचं नाव विचारायचं. यजमानाला स्वतःचे पणजोबा सांगता आले नाहीत, तर त्या घरचा चहा यांना गोड लागत नाही. दोनदा पितात, तो भाग वेगळा.

चाळीसगावला आम्ही भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हाची गोष्ट. आम्ही सगळे मुलीकडे बघतोय आणि हे भिंतीकडे. ती बिचारी पोह्यांच्या बशा घेऊन आली, तर म्हणतात कसे, "बेटा, ते पोहे ठेव खाली आणि जरा बॅटरी धर." फ्रेमच्या मागे काहीतरी लिहिलेलं दिसलं होतं म्हणे. मुलीने मुकाट्याने बॅटरी धरली. परतीच्या गाडीत आम्ही मुलीकडच्यांची माफी कशी मागायची ते ठरवतोय, आणि यांचा निर्वाळा आला, "होकार कळवून टाका. मुलीचा हात हलत नाही." लग्न झालं, संसार छान चाललाय, आणि त्याचं सगळं श्रेय साडूभाऊ एकटेच घेतात.

पण खरी करामत म्हणजे त्यांची हिवाळ्यातली भरीत पार्टी. वांगी आली की आमच्याकडे ज्याला त्याला कुणाच्या ना कुणाच्या शेतात बोलावणं असतंच. साडूभाऊंच्या शेतात जायचं ते मात्र घरातला एक जुना फोटो घेऊन. दोन निंबांना दोरी बांधलेली, तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लटकवलेले, आणि नियम असा की त्यातला एक तरी अनोळखी चेहरा ओळखल्याशिवाय पंगतीला बसायचं नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास नाकात शिरल्यावर माणूस कुणालाही आजोबा म्हणतो. पहिल्याच वर्षी एका फेटेवाल्या भारदस्त गृहस्थाला पहूरकरांनी आजोबा म्हणून ओळखलं, धुळ्याच्या मंडळींनी मोठे काका म्हणून आणि शेजारच्या मळ्यातल्यांनी चक्क पणजोबा म्हणून. तिन्ही घरांनी प्रती नेल्या, मोठ्या करून घेतल्या, हार घातले. पुढे कळलं की तो एका फोटोवाल्याने दुकानात लावायला काढलेला नमुना होता. माणूस कुठला, देव जाणे. मी म्हटलं, "साडूभाऊ, आता तरी सांगून टाका त्यांना." तर म्हणाले, "कशाला? पितृपक्षात तीन घरी जेवतोय, जेवू दे." मग नियम फिरवला, आधी जेवण आणि नंतर ओळख. तेव्हापासून लोक पोटभर जेवतात आणि निंबाखाली घोरतात.

या सगळ्या खटाटोपामागचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. साडूभाऊंना स्वतःची आई आठवत नाही. ते रांगत होते तेव्हाच ती गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता, आणि आजोळीही आता कुणी उरलेलं नाही. चेहराच माहीत नाही, तर एखाद्या फोटोत ती समोर आली तरी यांना कळणार कसं? म्हणून तर एवढ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वांग्यांचं आमिष.

यंदा एक थकलेली अक्का सुनेचा हात धरून आली होती. दोरीच्या टोकाला कुणीतरी आणलेला एक हललेला फोटो होता. अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या पोरी खेळतात तो झोका, तो भरात असताना टिपलेला, त्यामुळे वरच्या बाईचा चेहरा पार फिसकटलेला. अक्का तिथेच थबकली.

"झोकाजोडे उभी शे ना, ती मी," झोक्याशेजारच्या बाईवर बोट ठेवत ती म्हणाली. "आन् झोकावर शेवंता."

शेवंता हे साडूभाऊंच्या आईचं नाव. ते हातातली भाकरी तशीच घेऊन धावले. "कोणत्या गावची शेवंता, अक्का?"

अक्काने त्यांच्या आजोळचं नाव घेतलं. "धरणगावले दिन्ही व्हती तिले. दुसरी कोन इतला उंच झोका लई जाई? सगळ्या पोरी आरडेत, खाले उतर, खाले उतर. आयके कोन!"

"दिसायला कशी होती?"

अक्काने फोटो चिमट्यातून काढून डोळ्यांजवळ नेला. "तोंड आते याद नही ऱ्हायनं, भाऊ. तिनं हासनं तेवढं याद शे."

इतक्या वर्षांनी आई सापडली आणि तिला चेहराच नाही. मला वाटलं, हा माणूस आता कोसळणार. मी त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला. इतक्यात आमच्या भाच्याची बायको पुढे झाली. म्हणाली, "मामा, आता मोबाइलवर असा फोटो साफ करता येतो. चेहरा अगदी स्पष्ट करून देते, थांबा."

साडूभाऊंनी फोटो छातीशी धरला.

"नको बेटा," ते म्हणाले. "झोका भरात आलाय तिचा. थांबवू नको."

घरी आल्यावर मी कपाटातून माझ्या आईचे फोटो काढले. चांगले पुष्कळ आहेत, सगळे स्वच्छ, स्पष्ट. पण ती हसायची कशी, ते काही केल्या आठवेना.