घोडीखालची रेघ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर मुळीच नाही. तशी गोष्ट मोठी नाही – मोजायचीच झाली तर एक सेंटीमीटरची आहे. तुम्ही हसाल. मीही पुष्कळदा हसते. पण हसून झालं की ती परत तिथेच असते.

कुठून सुरुवात करू? आप्पांपासून करते. ते सोपं जातं.

आप्पा म्हणजे माझे वडील. कसबा पेठेत आमचं सुतारकामाचं दुकान आहे, आणि दुकानाच्या वर दोन खोल्यांत आम्ही राहतो. दारं, खिडक्या, कपाटं ही रोजची कामं. पण आप्पांचं खरं नाव आहे ते देव्हाऱ्यांसाठी. हातभर उंचीचे सागवानी देव्हारे – नाजूक महिरप, छोटासा कळस, आणि सगळे सांधे लाकडाचे लाकडात बसवलेले. एक खिळा सापडायचा नाही. देव्हारा करत असले की आप्पा शीळ घालतात. त्यावरून आईला वर बसल्या बसल्या कळतं, खाली कपाट चाललंय की देव्हारा.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. कर्वेनगरच्या बाजूला कॉलेज, विषय फिजिक्स. पहिल्या वर्षाला असताना मला गिटार हवीशी वाटली. का, ते विचारू नका – वर्गातल्या निम्म्या मुलामुलींना हवी असते. आप्पांना सांगितलं, तर रंधा थांबवून ते म्हणाले, "लाकडाचीच असते ना? मग विकत कशाला आणायची?"

आता सुताराच्या मुलीने याला काय उत्तर द्यायचं?

शेवटी मधला मार्ग निघाला – किट. एका खोक्यात सगळे भाग येतात: वाकवलेल्या बाजू, पातळ फळ्या, मान, तारा. जोडायचं आपण. खोकं आलं त्या दिवशी आप्पांनी एकेक तुकडा नाकाला लावून पाहिला, पुढच्या फळीवर टिचकी मारली आणि वर हाक दिली, "अगं, बघायला ये. पापडाएवढी जाड आहे, आणि म्हणे वाजते."

"पापडही वाजतो," आई वरूनच म्हणाली.

पुढचे सहा-सात रविवार – खरं सांगू? – माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार होते. बाजूंना आतून लाकडाची बारीक पट्टी चिकटवायची असते, आणि ती वाळेपर्यंत धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे लागतात. चाळीसेक तरी. आईच्या दोरीवरचे सगळे चिमटे गिटारला लागले, आणि त्या दिवशी आप्पांचा बनियन वाऱ्याने उडून समोरच्यांच्या पत्र्यावर गेला. तो तीन दिवस तिथेच होता. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "ही आमची गिटार चाललीये."

आता टेपबद्दल सांगायला हवं. टाळून चालणार नाही.

आप्पांच्या टेपचं टोक फार पूर्वी तुटलंय. नवी टेप ते घेत नाहीत, कारण ही हाताला बसलीये. त्यामुळे आमच्या दुकानात टोकापासून कोणी मोजत नाही. काठावर एकचा आकडा धरायचा आणि तिथून मोजायचं. पण मग पुढे खूण करताना तो एक मिळवायला लागतो. विसरू नये म्हणून दुकानाचा नियम असा की जो टोक धरतो तो मोठ्याने म्हणतो, "एक सोडून", आणि जो खूण करतो तो म्हणतो, "धरला". आप्पा एकटे मोजत असले तरी स्वतःच म्हणतात आणि स्वतःच उत्तर देतात. नवीन गिऱ्हाईक जरा चमकतं.

गिटारचा कागद इंग्रजीत होता, आणि मापं मिलिमीटरमध्ये. आप्पा इंच आणि सुतातले. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि माझ्याकडे दिला. "हे खातं तुझं. मापं तू घे, हात मी चालवतो."

मला केवढं भारी वाटलं म्हणून सांगू. तारेच्या लांबीचा आणि सुराचा प्रयोग मी नुकताच प्रयोगशाळेत केला होता, आणि त्यात पैकीच्या पैकी मिळवले होते. मी आप्पांना उभं करून व्याख्यानच दिलं. तारा खाली ज्या लाकडी पट्टीवर टेकतात – तंबोऱ्यावरून आम्ही तिला घोडीच म्हणायचो – ती वरच्या पट्टीपासून बरोब्बर पासष्ट सेंटीमीटरवर हवी. थोडी जरी चुकली तरी सगळे सूर बिघडतात. मीच सांगितलं हे. मीच.

मग आप्पांनी टेपची सेंटीमीटरची बाजू वळवून वरच्या पट्टीवर एकचा आकडा धरला आणि म्हणाले, "एक सोडून."

मी काही बोलले नाही. ते थांबले. "धरला का गं, अशू?"

"आप्पा, कळतं मला," मी म्हणाले.

कळत होतंच की. मग "धरला" म्हणायला काय झालं होतं? मला वाटलं, हे दुकानातलं आहे. प्रयोगशाळेत कोणी असं ओरडत नाही. मी पासष्टच्या आकड्यावर पेन्सिलने रेघ मारली, शेजारी "६५" असं लिहिलं, आणि आप्पांनी गोंद लावून त्या रेघेवरच घोडी बसवली, वरून क्लॅम्प आवळले.

तारा चढवल्या तेव्हा आई पिठाच्या हातांनी खाली आली. मोकळ्या तारा छेडल्या – इतक्या गोड वाजल्या की आप्पांनी कानावरची पेन्सिल काढून हातात धरली. मग मी तारा दाबून वाजवायला लागले. पहिल्या दोन-तीन पडद्यांपर्यंत – म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या – बरं होतं. त्यापुढे हात जसा खाली सरकेल तसा सूर आंबत गेला. खुर्ची दुरुस्तीला टाकलेले आपटे काका तेवढ्यात आले होते. ते घरी पेटी वाजवतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वस्तू देखणी झाली आहे. भिंतीवर शोभेल."

मी वर गेले. गिटार मांडीवर घेतली आणि कॉलेजच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने मोजलं. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर हवा. वरून बत्तीस पूर्णांक पाच. खालून एकतीस पूर्णांक पाच.

एक सेंटीमीटर.

मी लगेच खाली निघाले – सांगायलाच निघाले होते, यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. खाली आप्पा स्टुलावर बसून हातातला क्लॅम्प निरखत होते. "माझ्याच हातनं झालं गं," ते म्हणाले. "आवळताना घोडी सरकली असणार. ओला गोंद म्हणजे लोणी."

मी म्हणाले, "असेल."

एवढंच. एवढंच मी केलं.

कारणं माझ्याकडे आहेत, पण ती इथे मांडत नाही.

आप्पा म्हणाले, "काढू या. ओलं फडकं, वर गरम इस्त्री, की सुटते. परत लावू." मी घाईने म्हणाले, नको, मला असाच आवाज आवडतो. का? कारण घोडीच्या खाली ती रेघ आहे. घोडी उचलली की आप्पांना दिसणार की ती तसूभरही सरकलेली नाही – रेघेवर जिथल्या तिथे बसली आहे, आणि शेजारी माझ्या अक्षरात "६५".

त्यामुळे गेली चार वर्षं मी तीन पडद्यांवर गिटार वाजवतेय. त्याच्या खाली हातच नेत नाही. कॉलेजात मला सांगतात, तुझी एक वेगळीच शैली आहे. मी मान डोलावते.

आणि आप्पा? ते ही गोष्ट सगळ्यांना सांगतात. लग्नात, बारशाला, गिऱ्हाइकाला चहा पाजताना. "पेठेतली एवढी दारं बसवली, पण एक घोडी बसेना," असं म्हणून स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसतात. फार रंगवून सांगतात – घोडी कशी निसटली, गोंद कसा उतू गेला, सगळं अभिनयासकट. मीही हसते. दर वेळी.

एक गोष्ट मात्र बदलली. महत्त्वाचं माप असलं की ते मला हाक मारून खाली बोलावतात. "अशू, खूण तू कर. तुझं चुकत नाही." मी जाते, आणि हल्ली "धरला" इतक्या मोठ्याने म्हणते की आई वरून विचारते, कोण आलंय?

हे असंच चाललं असतं. पण गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतून एक बाई देव्हाऱ्याचं काम घेऊन आल्या. त्यांच्या बहिणीकडचा आप्पांचा देव्हारा त्यांनी पाहिला होता. आप्पा हसून म्हणाले, "आता बारीक काम नाही करत, ताई. हात सरकतो." बाई गेल्या. आप्पांनी कपाटाची फळी परत पुढे ओढली. मी टेप हातात घेऊन तिथेच उभी होते. मग मला उमगलं की मी कितीतरी दिवसांत दुकानातून शीळ ऐकलेली नाही. किती दिवसांत? मला सांगता येईना.

हात कधी सरकलाच नव्हता.

आता गंमत बघा – घोडी आपणहूनच सुटायला लागलीये. तारांच्या ताणाने मागची कड उचलली गेली आहे. परवा आप्पांनी एका लग्नपत्रिकेचा कोपरा तिच्याखाली घालून पाहिला. सहज आत गेला. ते भलतेच खूश झाले. "आता तुझं काही ऐकायचं नाही. रविवारी काढू." इस्त्री आईकडून आधीच मागून ठेवली आहे. आपटे काकांनाही आमंत्रण गेलंय. ते म्हणाले, "येतो. कापूस घेऊनच येतो."

आज शुक्रवार आहे. रविवारी इस्त्री तापायच्या आधी मी आप्पांना सांगणार आहे – काका यायच्या आधी, घोडी उचलायच्या आधी. उचलल्यावर सांगण्यासारखं काही उरतच नाही. तेव्हा ती रेघ बोलेल. ऐकून आप्पा काय म्हणतील ते मला माहीत नाही.

त्यांनी "एक सोडून" म्हटलं होतं. स्वच्छ, मोठ्याने. मी ऐकलं होतं, आणि धरला नव्हता.